चारशे नावांचे पान आणि वृंदाताई

वृंदाताईंची आणि माझी पहिली भेट वेबसाइट बनवणाऱ्या त्यांच्या सानपाड्याच्या लहानशा कार्यालयात झाली. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एखादी गोष्ट समजली नाही, तर तुम्ही काय करता?" मी काहीतरी पुटपुटलो. तरी नोकरी मिळाली. का मिळाली, ते आजही कळलेले नाही.

त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि रक्तदात्यांच्या यादीचा प्रसंगच आठवत राहिला. एका सेवाभावी मंडळाची वेबसाइट आम्ही केली होती. एका पानावर सर्व दात्यांची नावे, रक्तगट आणि प्रत्येकाच्या शेवटच्या रक्तदानाची तारीख दिसणार होती. ते पान माझे. दहा नावांवर तपासले, लगेच उघडले. ताईंना न दाखवताच मी ते सुरू करून टाकले.

एका दुपारी मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "अहो, पान नुसतं फिरतंय! पेशंटला ऑपरेशनला घेतलंय, ओ निगेटिव्ह पायजे!"

मी कोडकडे बघत बसलो. चूक काही दिसेना.

"कोड नंतर," ताई म्हणाल्या. त्यांनी थेट डेटाबेसमधून ओ निगेटिव्ह दाते काढले आणि स्वतः एकेकाला फोन लावू लागल्या. सीवूड्सचे एक गृहस्थ तासाभरात रुग्णालयात पोहोचले. पेशंट वाचला.

मग त्यांनी माझ्यासमोर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. "डेटाबेसला किती वेळा विचारलंस?"

"एकदाच."

"मोज."

यादीसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, आणि पुढे प्रत्येक नावाच्या तारखेसाठी वेगळी. चारशे नावे, चारशे एक क्वेरी! पानाची मांडणी करणाऱ्या टेम्प्लेटमधली माझी एक साधी ओळ हा उद्योग करत होती.

"तारखा यादीबरोबरच आणून ठेव. टेम्प्लेटनं फक्त दाखवायचं," ताई म्हणाल्या. तेवढे केले आणि पान चटकन उघडले.

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत मी बोलणार, तोच ताई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे."

मी चक्रावलो. बाहेर पडल्यावर विचारले, "ताई, तुम्ही ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं. मग चूक तुमची कशी?"

"पाहिलं नव्हतं, हीच की!" एवढे बोलून त्या रिक्षात बसल्या.

त्यांनी मला पाठीशी घातले, की त्यांना खरोखरच तसे वाटत होते? रागावल्या असत्या तर सोपे झाले असते. त्यानंतर दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी एकही पान सुरू केलेले नाही. तेही धाकाने की प्रेमाने, हे मला सांगता येणार नाही.

वृंदाताईंची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना अजून पुष्कळ वर्षे लाभोत. त्या मला समजायला तेवढी लागणारच आहेत.