हरेश्वरदादांकडे राहिलेली पँट

एव्हरशाईन सिटीतून निघालो तेव्हा माझ्या अंगावर इस्त्रीची पँट होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण परत आलो तेव्हा नव्हती.

पूर्वेच्या आम्हा नव्या फ्लॅटवाल्यांना रुळांपलीकडची वसई म्हणजे परदेशच. तिकडे केळीच्या बागा, इकडे पाण्याचे टँकर. तरी मी काही हवा खायला निघालो नव्हतो. नैराश्यातून बाहेर आलेली आम्ही काही माणसं रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचो आणि कोणी बोलावलं, तर तशाच खचलेल्या अनोळखी माणसाकडे जाऊन बसायचो. औषध डॉक्टरांचं, आमची नुसती सोबत. आमच्या म्होरक्या रोझीबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांचे नियम कडक. जायचं जोडीनं. उपदेश करायचा नाही. 'सगळं ठीक होईल' हे तर मुळीच म्हणायचं नाही. ऐकायचं. त्या दिवशी बाईंचा गुडघा धरला आणि मी एकटाच निघालो.

"जीभ घरी ठेव," बाई फोनवर म्हणाल्या. "कान तेवढे ने."

एसटीनं वसई गावात उतरलो. बाजार मागे पडला तशी सावली सुरू झाली. दोन्ही बाजूंना वाड्या (बागायती), चाफ्याचा वास, कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्या. हरेश्वर राऊत नावाच्या बागायतदाराकडे जायचं होतं. त्यांच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं, "पावसाळ्यापासून बोलत नाहीत, जेवत नाहीत. डॉक्टरचं नाव काढलं की पाठ फिरवतात. मला आता भीती वाटते, भाऊ."

आळीत पोचल्यावर कळलं की तिथे सगळेच राऊत. नाक्यावर मासे विकणाऱ्या बाईला विचारलं.

"कोन, हरेश्वरदादा? तो घरी नाय भेटनार. वाडीत पानी सोडलंय त्यानं!"

जे कान मुद्दाम बरोबर नेले होते, त्यांनी ऐकलं: वाडीवर पाणी सोडलं! वाडवडिलांच्या वाडीवर ज्यानं पाणी सोडलं, त्यानं आणखी कशाकशावर सोडलं असेल? मी पळत सुटलो. मागून ती ओरडली, "अरे दादा, कुत्रा लागलाय का मागं?"

वाडीत बावखल (गोड्या पाण्याचं तळं) होतं आणि त्याच्या काठावर एक उंच माणूस पाण्याकडे वाकलेला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "सगळं ठीक होईल!"

त्याला धरायला झेपावलो, तो शेवाळावरून सरकलो आणि सरळ बावखलात. पाणी कमरेइतकं. बुडायला अपुरं, अब्रू जायला पुरेसं.

हरेश्वरदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात कुजलेल्या पाल्याचा बोळा होता. "वाडीत पाणी सोडत होतो," ते सावकाश म्हणाले. "पाइपात पाला अडकला." मग हात पुढे केला.

घर वाडीला लागूनच; वहिनी ओटीवरून सगळं बघत होत्या. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसणं थांबलं, पदर मात्र तिथेच राहिला. "बोलले," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी एवढं बोलले."

मला दादांची पट्ट्यापट्ट्यांची लुंगी मिळाली, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं. पँट अंगणातल्या मांडवावर गेली. मी टँकर, लिफ्ट, सोसायटीतली भांडणं असं जे जे ठाऊक होतं ते बोलून घेतलं. दादा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. शेवटी माझ्याकडचं बोलणं संपलं. एरवी अशा वेळी मी निघतो. पण दुसऱ्याच्या लुंगीत निघणार कुठे? नाइलाजानं गप्प बसलो. पंपाची घरघर चालू होती. ऊन पायरीवरून खाली उतरलं.

"त्या मांडवावर सुकेळी असतात," दादा म्हणाले. (राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी.) "यंदा तुमची पँट."

मी जीभ दातांत धरली.

"तुम्हालाही होतं म्हणे हे."

"होतं. ऑफिसला निघायचो आणि जिन्यातच बसून राहायचो. वर जावं की खाली, ठरत नसे."

"माझं कोयत्याचं तसंच. घड उतरवायला जातो. कुठला उतरवावा, कळत नाही. कोयता ठेवून परत येतो." त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मघाशी तुम्हाला वाटलं, मी उडी मारतोय."

"वाटलं."

"आज नव्हतो मारत."

त्या 'आज'नं माझी सगळी गंमत उतरली. "आणि एरवी?"

"मनात येतं."

"वहिनींना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"सांगू या?"

ते बावखलाकडे पाहत राहिले. "तुम्ही बसाल तोवर?"

बसलो. वहिनींना त्यांनी स्वतः हाक मारली, स्वतः सांगितलं. वहिनींनी त्यांचा हात धरला. मी तिथूनच रोझीबाईंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आणि रात्री दादांना एकटं सोडू नका म्हणून वहिनींना बजावलं.

निघताना मांडवाकडे वळलो, तर दादा म्हणाले, "ओली आहे. उद्या न्या."

एसटीत कंडक्टरनं माझं लुंगीपासून बुटांपर्यंत दर्शन घेतलं. "काय साहेब, समुद्र वर आला काय?" सोसायटीच्या वॉचमननं तर आधी ओळखच दिली नाही.

सकाळी पुन्हा गेलो. दादा धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते. माझी पँट घडी करून काखेत. इतकी कडक वाळलेली की उभी केली असती तर एकटी चालत स्टेशनला गेली असती. मी हात पुढे केला.

"अजून दमट आहे," दादा म्हणाले आणि काखेतली घडी आणखी घट्ट धरली. "डॉक्टरांकडून येईपर्यंत वाळेल."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. पँट त्यांच्या मांडीवर. आत जाताना त्यांनी ती वहिनींकडे दिली, बाहेर आल्यावर माझ्याकडे.

बरं व्हायला वेळ लागला. मधे वाईट आठवडेही आले. पुढच्या हंगामात मांडवावर सुकेळी दिसली, थोडीच. इतका प्रवास करून मी काय दिलं, असा हिशेब मांडायला बसलो की हाती येतं एक दुपारभर गप्प बसणं, आणि तेही पँट नव्हती म्हणून. रोझीबाई आता मला कुठे पाठवताना विचारतात, "बदलायचे कपडे नाही ना घेतलेस? छान."

लुंगी मी परत केलेली नाही. दादा अधूनमधून विचारतात. मी सांगतो, अजून ओली आहे.