पावती बघून दिलेला सल्ला

आमच्याकडे डोंबिवलीत पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी जवळच्या दिवा गावात विकत घ्यायला खोली बघितली होती. पैसे भरण्याआधी त्यांनी बिल्डरने दिलेली घरपट्टीची पावती माझ्यापुढे धरली. "ताई, तुम्ही पेपरवाल्या. बरोबर आहे ना?"

मी बातमी लिहीत होते. "पालिकेची पावती आहे, मग काय! घ्या," म्हणाले.

दोन वर्षांनी तिथल्या अनधिकृत इमारतींवर बातमी करायची होती. अशा वेळी मी आधी कर कार्यालय गाठते. बिल्डर तोंड उघडत नाही, पण इमारत कधी उभी राहिली, कर कोणाच्या नावावर लागला, हे तिथल्या नोंदीत सापडतं. बांधकाम बेकायदा असलं तरी पालिका घरपट्टी घेते. फक्त नोंदीपुढे 'अनधिकृत' असा शेरा मारते. त्यामुळे नुसत्या पावतीवर जाऊ नका, हे मी नव्या बातमीदारांना नेहमी बजावते.

कर कार्यालयातल्या यादीत बाईंची इमारत निघाली. पुढे तोच शेरा होता.

दुसऱ्या दिवशी त्या पोळ्या लाटत असताना मी ते सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"पण तुम्ही पावती बघितलेली ना?"

"बघितली होती. नीट चौकशी करायला हवी होती. चुकलं माझं."

"आता पाडतील?"

"नोटीस येऊ शकते."

"आणि तुम्ही छापणार?"

"छापावं लागेल."

"मग लिहा त्यात, पावतीवर भरवसा ठेवू नका म्हणून. कोणीही सांगितलं तरी."

मी लिहिलं. त्यांना कोणी सांगितलं होतं, ते लिहिलं नाही.