घाव कोणी घातला?

चहाचा कप हातात आला की दातारकाका आधी तो हुंगायचे. मग समोरच्याला म्हणायचे, "तुम्ही घ्या आधी." सांगलीहून निवृत्त होऊन ते झाशीला मुलाकडे, आमच्या शेजारी राहायला आले होते. दूधवाला, मीटर बघणारा आणि मी, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. "गोड बोलतोय म्हणजे काहीतरी आहे," हे त्यांचं पालुपद.

पोट रिकामं झालं की त्यांना बेंबीच्या वर जळजळायचं, बिस्किट खाल्लं की थांबायचं. मुलगा दौऱ्यावर, सून शुभा हिंदीत कच्ची, म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेले. दुर्बिणीने तपासून डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, आँत में घाव है."

काका ताडकन उठून बसले. "घाव? कोणी घातला?"

"अहो काका, हिंदीत घाव म्हणजे जखम. आतड्यात अल्सर आहे."

"सारवासारव करू नका. घाव आपोआप होत नाही, कोणीतरी घालावा लागतो."

घरी येताच त्यांनी शुभाच्या हातचं जेवण बंद केलं. डॉक्टरांची गोळीही घेईनात, कारण ती शुभाने आणलेली. बडा बाजारातून स्वतः आणलेल्या बिस्किटांवर दिवस काढायचे. ती बिचारी ओट्याकडे तोंड करून रडायची. मला काकांचा भयंकर राग यायचा.

एका सकाळी त्यांना डांबरासारखं काळं शौचाला झालं आणि ते न्हाणीघरातच कोसळले. आतून रक्त जात होतं. शुभानेच त्यांना रिक्षात घालून नेलं. रक्त चढवावं लागलं. एकदा वाटलं, काका गेलेच.

ते सावरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "दर्द की कोई गोली तो नहीं खाते?" पहिल्या वेळी 'याला कशाला सांगायचं' म्हणून काका गप्प बसले होते. आता त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "ही रोज घेतो. माझी मी आणतो. एवढीच खात्रीची."

"यही है, बाबूजी," डॉक्टर म्हणाले. ही गोळी बंद, पोटातलं आम्ल कमी करणारी नेमाने घ्यायची, जंतूंचीही तपासणी करू, मग घाव भरून येईल.

काकांनी ते पाकीट शुभापुढे धरलं. मग म्हणाले, "सूनबाई, घाव घालणारा सापडला. माझ्याच खिशात होता."

खायची परवानगी मिळाली तेव्हा शुभाने मऊ भाताची वाटी पुढे केली. काकांनी सवयीने ती हुंगली.

"तूप घरी कढवलेलं दिसतंय," ते म्हणाले, आणि पहिला घास स्वतःच घेतला.