रोशनला कसं पकडायचं

रोशनचा फोन आला तेव्हा मी एका बाईंना ब्राऊन पेपरच्या गुंडाळ्या दाखवत होतो. खोपोलीत माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. रोशन माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. भर दुपारी तो कधी फोन करत नाही. "मामा, तुमी बसलाय का?" असं त्यानं विचारलं आणि मी उभा असूनही हो म्हणालो. भाऊजी गेले होते. कशेळ्याला टेंपोतून सिमेंटच्या गोण्या उतरवून झाल्यावर ते चहाच्या टपरीवर बसले आणि बसल्या जागीच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी गुंडाळीला रबर लावून ती बाईंच्या हातात दिली. त्यांनी काही झालं का म्हणून विचारलं, मी नाही म्हणालो आणि त्या गेल्यावर शटर ओढलं. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. मला अजून रडू आलेलं नाही. येईल येईल म्हणून वाट पाहतो... येत नाही.

बहिणीचं गाव कळंबच्या पुढे. मी पोचलो तेव्हा अंगणात कबड्डी मंडळाच्या निळ्या खुर्च्या मांडल्या होत्या, पाठीवर पांढऱ्या रंगात मंडळाचं नाव लिहिलेल्या. त्या दिवसाचं मला जे आठवतं ते असलंच काहीतरी. एका खुर्चीचा पाय फुटला होता आणि तिथं बसलेले गृहस्थ सतत डावीकडे झुकत होते. दोन माणसं पडवीच्या कडेला हळू आवाजात यंदाच्या स्पर्धेत आपला संघ कोण निवडणार याबद्दल बोलत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. उलट मला वाटलं की आज या अंगणात भाऊजींना ज्यात रस वाटला असता असं बोलणं फक्त ही दोघंच करतायत.

काशिनाथ भाऊजी स्वतः फारसे खेळले नाहीत. कुमार गटात एक हंगाम खेळले. "दम तुटायच्या आधी मीच तुटायचो," असं ते स्वतःच सांगायचे. पुढे एका पकडीत गुडघा गेला आणि ते कायमचे मैदानाच्या बाहेर आले. मग त्यांनी जे सुरू केलं ते शेवटपर्यंत चाललं: संघ जुळवणं. कोण आत, कोण बाहेर, कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या मंडळाला देऊन बदल्यात कोणाला आणायचं... शेती होती, टेंपो होता, पण हा माणूस मनानं सदैव निवड समितीच्या बैठकीत बसलेला. चार माणसं एकत्र दिसली की ते त्यातून सात काढायला बघायचे. माझ्या लग्नात पंगत बसली होती. हे जेवायचं सोडून एका वाढप्याकडे टक लावून बसले होते आणि मला बोहल्यावरून उतरल्या उतरल्या बाजूला घेऊन म्हणाले, तो बुंदीवाला बघ, कमरेत कसला वाकतो, मध्यरक्षक म्हणून सोनं आहे. मी नवरदेव होतो. मी काय बोलणार.

रोज संध्याकाळी, बातम्या सुरू व्हायच्या सुमाराला, त्यांचा मला फोन यायचा. कशेळ्याचा उजवा कोपरा, म्हणजे उजव्या टोकाला उभा राहून पकड करणारा गडी, आपल्याकडे आला तर आपला दुसरा चढाईपटू सोडावा का? त्याला सोडला तर त्याचा चुलतभाऊ रुसेल का? रुसला तर त्याच्या जागी कोण? कबड्डीतलं मला पकड आणि चढाई यापलीकडे फार कळत नाही. ते त्यांना ठाऊक होतं, तरी माझंच मत हवं असायचं. मी कंटाळून काहीतरी ठोकून द्यायचो आणि ते त्यावर गंभीरपणे विचार करायचे. आपल्याकडे गावच्या कबड्डीत खेळाडू इकडचा तिकडे जायचा तर आधीच्या मंडळानं त्याला राजीखुशीनं मोकळं करावं लागतं. मग सोयरीक जमवायला जावं तसे भाऊजी जायचे. थंडीत दुसऱ्या गावच्या मंडळींना शेतावर पोपटीला बोलवायचे. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं लावायचं, आणि मडकं उतरेपर्यंत विषयच काढायचा नाही. माणसाच्या तोंडात गरम शेंग गेली की विचारायचं, "मग काय, तुमचा तो लांब हाताचा पोरगा देताय का आमाला?" भरल्या तोंडानं नाही म्हणणं जड जातं, हे त्यांचं शास्त्र.

शोभाताईला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा. आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत घरात माणसं कमी आणि हे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा मांडून संघ बसवतायत, असं तिनं कितीदा पाहिलं असेल. एकदा तिनं त्यातली एक शेंग उचलून फोडून खाऊन टाकली. भाऊजी कळवळून म्हणाले, अगं, डावा कोपरा खाल्लास. ती म्हणाली, "तुमच्या सातांत मी राखीवला पन नाय." ती सामना बघायला कधी गेली नाही. रोशन खेळायला लागल्यावरही नाही.

रोशन मात्र खरंच खेळायला लागला. मला कळत नाही म्हणालो, पण तो चढाईला गेला की मलाही उभं राहावंसं वाटायचं. दोन हंगामांत तो तालुक्यात नावाजला आणि साजगावच्या एका कारखान्याच्या संघानं त्याला मागणी घातली. खेळायचं त्यांच्याकडून आणि सोबत कायमची नोकरी. गावात वणवा पेटला. इतक्या वर्षांनी मंडळाला जिल्ह्यात जायची आशा दिसत होती ती या एका पोराच्या जिवावर, आणि आपली तयार पोरं बाहेरचे नेतात म्हणून सर्वांत मोठ्यानं ओरडत आलेले होते भाऊजीच. आठवडाभर त्यांचा मला फोन आला नाही. ताई म्हणाली, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. मग मंडळाची बैठक बसली. लोक म्हणाले, काशिनाथ, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, नोकऱ्या काय मिळतील. भाऊजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की रोशनला मोकळं करायचं, पण फुकट नाही. कारखान्याकडे मंगेश म्हणून एक वयानं थोडा पुढे गेलेला उजवा कोपरा आहे, त्याला ते यंदा बसवून ठेवणार आहेत. तो आपल्याला द्यायचा. बोलणी करायला ते स्वतः गेले आणि मंगेशला टेंपोत घालूनच परत आले. मला फोनवर एवढंच म्हणाले, "पोरगा दिला, कोपरा घेतला. बरा झाला सौदा." आवाजात काही नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. रोशन कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेला, आणि गेल्या थंडीत गावच्याच स्पर्धेत त्याचा संघ आमच्या मंडळासमोर आला. सामन्याच्या आधी आठ दिवस भाऊजी रोज संध्याकाळी पोरांना अंगणात घ्यायचे आणि रोशनला कसं पकडायचं ते शिकवायचे. मी एकदा बघायला गेलो होतो. भाऊजी स्वतः रोशन झाले होते. लुंगी खोचलेली, गुडघा दुखतोय, तरी मधल्या रेषेवरून तसेच खांदे पाडून येत होते, हुबेहूब. "बोनसला डावीकडं जायचं असंल तर तो आधी उजवीकडं बघतो," ते सांगत होते. लहानपणी फडताळातला गूळ चोरताना आधी उजवीकडे, आईच्या दिशेला बघायचा आणि मग डावा हात डब्यात घालायचा, ती सवय अंगात राहिली आहे. त्यानं उजवीकडे पाहिलं की मंगेशनं, उजव्या कोपऱ्यानं, त्याच्या डाव्या घोट्यावर पडायचं, बाकीच्यांनी मागून यायचं. शोभाताई दारात उभी राहून ऐकत होती. "घरचा भेदी," एवढंच म्हणून ती आत गेली.

रोशन त्या सामन्यात तीन वेळा पकडला गेला, तिन्ही वेळा मंगेशनंच धरला. गाव जिंकलं. रात्री तो लंगडत घरी जेवायला आला, हसत होता आणि चिडलाही होता. तुम्हीच सांगितलंत ना, म्हणून बापाला विचारत होता, आणि बाप म्हणत होता, मग कोण सांगणार, शेजारी? ताई भांडी आपटत वाढत होती. पोरगा हात धुवायला गेला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, भाऊजी, स्वतःच्या पोराला असं पाडतं का कोणी?

"दत्ता, त्याचं उणं कुनीतरी हुडकनारच रं. परक्यानं हुडकलं तर तो सांगायला येनार हाय का त्याला?" मग भाताचा घास घेतला आणि म्हणाले, "आनि जिंकायचं पन व्हतंच."

त्यानंतर वर्षभर बापलेकांचा हाच उद्योग होता. रोशननं ती उजवीकडे बघायची खोड घालवली. मान जागच्या जागी ठेवायचा सराव केला म्हणे, आरशासमोर. सुट्टीला घरी आला की भाऊजी त्याच्या हालचालींकडे बघत बसायचे, तो दूध पिताना, चप्पल घालताना, दुचाकीला किक मारताना. त्यालाही ते माहीत असायचं आणि तो मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं करून दाखवायचा. मला त्या घरात तेव्हा जेवढं बरं वाटायचं तेवढं माझ्या स्वतःच्या घरातही क्वचित वाटलं असेल. भाऊजी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा नेहमीसारखा फोन आला. पण आवाज दबका होता. रोशनचं नवीन काहीतरी सापडलंय, म्हणाले. मी विचारलं, काय? "आत्ता नाय. तो हितंच बसलाय. रविवारी ये, दाखवतो." दाखवतो म्हणाले, सांगतो नाही. म्हणजे पुन्हा लुंगी खोचून अंगणात उतरणार होते. मी बरं म्हणालो. रविवारी मी गेलो, पण अंगणात अजून त्या निळ्या खुर्च्याच होत्या.

दिवसकार्य आटोपल्यावर मंडळाची पोरं मला एकेकटी भेटली. मामा, काशिनाथभाऊंनी तुम्हाला सांगितलं असेल ना, रोशनचं? मी नाही म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नाही, भाचा आहे म्हणून लपवतोय असं वाटलं असावं. मग एका दुपारी रोशनच दुकानात आला. बराच वेळ पेनं चाळत बसला. त्याच्या मोबाइलवर त्याच्या सगळ्या सामन्यांची चित्रणं होती. ती आम्ही दोघांनी मिळून पाहिली, पुढं-मागं करत. मला काही दिसलं नाही. त्यालाही नाही.

"मामा, काय दिसलं असंल हो त्यांना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, मला खेळातलं कळत नाही रे. माझं वाक्य खरं होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

यंदाच्या स्पर्धेत पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. रोशन खेळायला तयार नव्हता. ताईच म्हणाली, घरात बसून काय करणार आहेस, जा. मी मंडळाच्या खुर्चीवर बसलो होतो. रोशन पहिल्या चढाईला आला तेव्हा आमच्या सगळ्या पोरांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, पायांवर खिळले होते. प्रत्येक जण शोधत होता. मंगेशनं दोनदा झेप घेतली आणि दोन्ही वेळा हातात काही आलं नाही. रोशन गेला, गडी मारून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. इतका सुंदर खेळ मी त्याचा पाहिला नव्हता, आणि बघवतही नव्हता, कारण एकेका चढाईगणिक तो अधिकच सावकाश येऊ लागला होता. शेवटी शेवटी तर मंगेशच्या पुढ्यात थांबून राहायचा, घे म्हटल्यासारखा. मंगेश चुकीच्या बाजूला जायचा. गाव हरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपल्याच गावचा पोरगा म्हणून. रोशन हात न मिळवताच मैदानाबाहेर आला. मी त्याला गाडीवर मागं बसवून घरी आणलं.

ताई मागल्या दारी धुणं भिजवत होती. त्यानं अंगातली जर्सी काढून तिच्या हातात दिली. सामन्यानंतरची त्याची जर्सी म्हणजे तिच्या कायमच्या तक्रारीचा विषय, मैदानातली तांबडी माती दोन पाण्यांत सुटत नाही म्हणून. तिनं जर्सी उलटून पाहिली, पाठीकडून, पोटाकडून. घामानं भिजली होती, बाकी स्वच्छ.

"माती नाय लागली कुठं," ती म्हणाली.

"कुनी पकडलंच नाय, आई," रोशन म्हणाला.

मग तिनं ती जर्सी बादलीत बुचकळली, दगडावर पसरली, आणि नेहमी जिथं माती लागलेली असायची तिथं, पाठीवर आणि कोपरांवर, साबण लावून घासायला लागली.