पहिला टाका

इंग्रजीचा मास्तर म्हणून माझी एक घमेंड होती. शब्दाचा अर्थ नुसता फळ्यावर लिहायचा नाही, वर्गात करून दाखवायचा. रनाळ्याच्या शाळेत नववीला 'टीज' हे क्रियापद आलं तेव्हा मी खूशच झालो. लोकर किंवा कापूस मोकळा करणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि चिडवणं हा त्यावरून पुढे आलेला. मूळ अर्थ दाखवायला तर गावच्या पिंजाऱ्याची मुलगीच माझ्या वर्गात होती.

तिला पुढे बोलावलं. म्हटलं, "तुझे अब्बा कापूस कसा मोकळा करतात, दाखव बघू." तिने अवघडून हवेत बोटं हलवली. मागच्या बाकावरून कुणीतरी पिंजणाच्या तारेचा आवाज काढला, टँव टँव. वर्ग हसला. मीही हसलो आणि वर म्हणालो, "बघा, दुसरा अर्थ आपोआप आला!" स्वतःच्या हजरजबाबीपणावर मी इतका खूश होतो की तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

तो आवाज मग तिच्या मागेच लागला. पाण्याच्या टाकीपाशी, फाटकात, रस्त्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. हजेरी घेताना मी तिच्या नावापाशी अडखळायचो आणि पुढे जायचो. भित्रेपणाच तो.

शेवटी एका रविवारी आईची जुनी गादी स्कूटरला बांधून मी पिंजाऱ्याकडे गेलो. गादी टाकायची, जाता जाता मुलीची चौकशी करायची आणि निघायचं, असा बेत होता.

पण त्यांची एक रीत होती. माझ्या हातात ब्लेड देत ते म्हणाले, "मास्तर, पहिला टाका तुम्हीज उसवा. गादी तुमना घरनी शे." जुन्या गादीत लोकांनी जपून ठेवलेलं काहीबाही निघतं. म्हणून घरच्या माणसाने समोर बसून गादी उसवायची, मगच ते हात लावणार. मला बसावंच लागलं.

आत कापसाचे दगड झाले होते. यंत्रात घालण्याआधी ते एकेक गोळा बोटांनी सोडवत होते. मी मुलीचा विषय काढला.

"शाळाम्हा मन लागस नही म्हनस," ते म्हणाले. "आते शिवनकाम शिकी ऱ्हायनी."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणजे पोरीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी तसाच उठून गेलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. त्या विचाराचीच मला लाज वाटली. ब्लेड खाली ठेवून मी घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या हसण्यासकट.

त्यांचे हात थांबले. ते म्हणाले, "हाई माले काय सांगी ऱ्हायनात? ती मझार बठेल शे."

मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलो. ती शिलाई मशीनवर बसली होती. "बेटा, माझं चुकलं," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "सर, तुम्ही हसलात ते सगळ्या वर्गाने पाहिलं. हे इथे कोण पाहतंय?"

"उद्या वर्गात ये," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. दप्तर तिने मांडीवरच ठेवलं होतं. मी वर्गापुढे उभा राहिलो. त्या दिवशी मी चुकलो, हसायला नको होतं, असं म्हणून तिची माफी मागितली.

मागून कुणीतरी तोच आवाज काढला. टँव टँव. सगळी पोरं वळून माझ्या तोंडाकडे बघू लागली, सर हसतात का ते पाहायला. इतके महिने ही पोरं माझ्याच परवानगीने हसत होती, हे मला तेव्हा कळलं.

मी हसलो नाही. वर्गात कुणीच हसलं नाही. तिने दप्तर मांडीवरून खाली ठेवलं, पुस्तक काढलं आणि विचारलं, "कुठलं पान, सर?"