राग आला की ‘स्तोत्रम्’

आमच्या समोर ब्लाउज शिवणाऱ्या अक्का राग आला की दात आवळून “स्तोत्रम्” म्हणतात. आमच्या मराठी घरात स्तोत्र म्हणजे आईचं संध्याकाळचं पाठांतर. अक्कांच्या दाक्षिणात्य चर्चमध्ये ते देवाला दिलेले धन्यवाद. पूर्वी त्या सरळ हात उगारायच्या, असं गल्लीत सांगतात.

काल अक्कांच्या दुकानाची मालकीण रस्त्यावरूनच ओरडली, “चोरटे! माझं रेशीम कापून ठेवून घेतलंस! दुकान रिकामं कर!”

अक्कांच्या मुठीत कात्री होती. “स्तोत्रम्,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मी त्यांच्या दारातच उभी होते. शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली.

“उरलेलं कापड पिशवीतच आहे, अम्मा. बघा.”

मालकीण पिशवी हिसकावून निघून गेली.

“राग गेला, अक्का?” मी हळूच विचारलं.

“कुठला गं! दार लोट. तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे, आणि तोंडात अजून शिवीच येतेय.”