सारवलेली भेग

धरणाचं पाणी उतरलं की काठावर तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडतो आणि वरच्या उतारावर खांबाला लावलेला आरसा उन्हात लुकलुकतो. पलीकडच्या काठावरचं यंत्र त्या आरशावर नजर ठेवून डोंगर किती सरकला ते सांगतं. मी ओट्यावरून बघत बसते.

त्याच उतारावर आमचं जुनं घर होतं. मी नवी सून असताना अंगणात भेग पडली. मी मोठी टापटिपीची. दर शनिवारी शेणानं ती लिंपून टाकायचे, पुन्हा उघडली की उंदरांना शिव्या द्यायचे. डोंगर निसटत होता आणि ही बया त्याला पावडर लावत होती!

मग धरणावरचे मोजणीवाले आले. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून म्हणाले, "वहिनी, आता सारवू नका. पाणी झपाट्यानं उतरलं की ओला काठ सुटतो. भेग रुंदावते का ते बघायचंय."

"पाहुण्यांना काय सांगू, अंगण उसवलंय?"

सासूबाई म्हणाल्या, "सांग, शिंपी आलेत."

त्या उन्हाळ्यात खुंट्या एकमेकींपासून लांब गेल्या. मोजणीवाल्यांनी आम्हाला गुराढोरांसकट शाळेत हलवलं. आठवड्याच्या आत घर, गोठा, अंगण सगळं घसरून पाण्यात गेलं. आमची म्हैस तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात रवंथ करत होती आणि माझा तान्हा माझ्या मांडीवर झोपला होता.

त्या माणसांची नावं विचारायची राहिली. म्हणून आता मोजणीला जो येईल त्याला मी चहा पाजते. परवाची मुलगी म्हणाली, "आजी, मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते."

म्हटलं, "म्हणून काय चहा गार करशील?"